५४४१ बेसचा काँटिग? नवा विषाणू म्हणण्याआधी थांबा

म्हशींच्या कोटीपोटातल्या बाराही नमुन्यांत ५४४१ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) एकच काँटिग (तुकडे जोडून बनलेला सलग डीएनए क्रम), विषाणू ओळखणारं व्हिरसॉर्टर२ विषाणू म्हणतंय, जीनोम किती पूर्ण आहे ते तपासणारं चेकव्ही पूर्ण जीनोम म्हणतंय, तर नवा फाज (जिवाणूंना लागणारा विषाणू) म्हणून लिहू का, असं तुम्ही विचारलंय. तो आकडा वाचून पोटात गोळा आला. माझाही ५४४१ च होता.

त्यातून ५५ वजा करा. तुकडे जोडणारं मेटास्पेड्स नेहमीच्या सेटिंगला शेवटी ५५ चा के-मर (जोडणीसाठी घेतलेला ठरावीक लांबीचा तुकडा) वापरतं, आणि वर्तुळाकार जीनोमच्या सुरुवातीचे तेवढे बेस शेवटी पुन्हा चिकटतात. उरले ५३८६. ही फाय-एक्स १७४ ची लांबी, सँगरच्या गटाने १९७७ साली वाचलेल्या फाजची. इल्युमिनाच्या (डीएनए वाचणाऱ्या मशीनच्या) रनमध्ये तो कंट्रोल म्हणून, म्हणजे वाचन नीट होतंय का ते तपासायला, मुद्दाम मिसळतात.

टूल चुकलेलं नाही. तो खरंच विषाणू आहे आणि खरंच पूर्ण आहे. पण तो म्हशीचा की मशीनमधला, हे टूलला कळायचा मार्गच नाही. माझी चूक हीच: चेकव्हीने पूर्ण म्हटलं म्हणून एनसीबीआयच्या डेटाबेसवर साधा ब्लास्टसुद्धा (माहीत असलेल्या क्रमांशी तुलना) केला नाही. आठ महिने गेले, पोस्टर छापून झालं.

त्यात सिक्वेन्सिंग (डीएनए वाचन) करून देणारं केंद्र. फाय-एक्स काढलाय का, असं तीनदा मेलवर विचारलं. तिन्ही वेळा एका ओळीचं उत्तर, 'डेटा क्लीन आहे.' शेवटी फोनवर कळलं की मशीनच्या त्याच लेनमध्ये दुसऱ्या कोणाचे १६एस अँप्लिकॉन (एकाच जीनच्या जवळपास सारख्या प्रती) होते, आणि सगळे क्रम सारखे असले की मशीन नीट वाचत नाही, म्हणून फाय-एक्स जास्त घातला होता. हे रिपोर्टमध्ये लिहायला काय हरकत होती? लोकांच्या पीएचडीची वर्षं जातात हो यात. पैसे भरण्याआधीच हे लेखी मागा.

तुमचा तोच असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. एनसी_००१४२२ शी (एनसीबीआयवरच्या फाय-एक्सच्या क्रमाशी) जुळवून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे. जुळला तर कच्च्या रीड्समधून (मशीनने वाचलेल्या छोट्या तुकड्यांमधून) बीबीडक या टूलने फाय-एक्स काढा आणि असेंब्ली (जोडणी) पुन्हा करा. नुसता काँटिग खोडू नका, डेटात त्याचे तुकडे राहतात.

आणि पुढच्या वेळी नमुन्याऐवजी नुसतं पाणी घालून एक रिकामी ट्यूब तरी सिक्वेन्सिंगला पाठवा. गाईड खर्चाचं कारण देतील, तरी हट्ट धरा. डीएनए काढायच्या किटमधून येणारा परका डीएनए त्याशिवाय ओळखणं अवघड.

(मी फक्त जिवाणूंच्या डीएनए फाजवर काम करते. आरएनए विषाणूंबद्दल माझं ऐकू नका.)