टाकीत पुराचं पाणी शिरलं तर...

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्यावर, नदीजवळ आहे. पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं की जमिनीखालच्या टाकीत शिरतं. ओसरल्यावर टाकी एकदा धुऊन टँकर मागवला तर पुरेल ना?

उत्तर : नाही पुरणार. त्या पाण्यात नदीबरोबर ड्रेनेजच्या चेंबरमधलं सांडपाणी आणि गाड्यांचं तेलही असतं. शिवाय ऑटोमॅटिक पंप चालू राहिला तर तेच पाणी गच्चीवरच्या टाकीत आणि तिथून घराघरातल्या नळांत पोचतं. म्हणून पाणी फाटकाशी दिसलं की सर्वांत आधी पंपाचा मेन स्विच बंद करा. पॅनेलपाशी पाणी आलंच असेल, तर मात्र हात लावू नका. महावितरणला कळवून पुरवठा तोडायला सांगा.

ओसरल्यावर घाई नको. भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असताना टाकी पूर्ण उपसली, तर बाहेरच्या दाबाने तळाला तडे जाऊ शकतात. प्लॅस्टिकची टाकी तर वरच उचलली जाते. सांडपाण्याच्या गाळातून विषारी वायू निघतो, म्हणून सगळी झाकणं उघडी ठेवून पंख्याने हवा खेळती करा. पेट्रोल-डिझेलवरचा पंप टाकीत उतरवू नका, तोंडाशीही ठेवू नका. हे काम गॅस मोजायचं यंत्र असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावं, असं आमचं ठाम मत आहे. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा, वर दोघं हवेत. तो बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे कुणीही उतरायचं नाही. दोराने वर ओढा आणि १०१ ला फोन करा. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

गाळ काढून, भिंती घासून झाल्या की टाकी भरा. १० हजार लिटरला सुमारे दीड किलो, ३३ टक्के क्लोरीनची ताजी ब्लीचिंग पावडर लागते. उघड्या पोत्यातली जुनी पावडर कामाची नाही, तिची ताकद उडून गेलेली असते. पावडर थेट टाकू नका. बादल्यांमध्ये कालवा, १०-१५ मिनिटांनी चुना खाली बसला की वरचं निवळ पाणीच टाकीत ओता. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड जवळपासही नको, दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हेच पाणी वरच्या टाकीत चढवा आणि क्लोरीनचा वास येईपर्यंत प्रत्येक घरातला प्रत्येक नळ सोडा. पाइप भरलेले ठेवून २४ तास थांबा, मग सगळं काढून टाका. झाडांना हे पाणी घालू नका.

नवं पाणी भरल्यावर क्लोरोस्कोपने, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन मोजायच्या छोट्या संचाने, शेवटच्या मजल्यावरचा नळ तपासा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसलं पाहिजे. तोवर पाणी उकळूनच प्या. घरच्या फिल्टरमध्ये घाण पाणी गेलं असेल, तर कार्ट्रिज बदला.

मेअखेर एक काम मात्र कराच. टाकीचं तोंड मागच्या पुराच्या खुणेपेक्षा फूटभर उंच बांधा, झाकणाला रबर लावा, हवेच्या पाइपचं तोंडही तितकंच उंच न्या. ओव्हरफ्लो पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी झडप) नसेल, तर झाकण कितीही घट्ट असो, पाणी तिथून उलटं आत येतं.

प्रश्न : खडकवासला धरणातून 'इतके क्युसेक' सोडले, हे ऐकून आम्ही काय समजायचं?

उत्तर : १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. २५ जुलै २०२४ ला विसर्ग ३५ हजारांच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. पानशेत, वरसगाव, टेमघर या वरच्या धरणांचं पाणी खडकवासल्यात येतं. हे धरण त्यांच्यापुढे लहान असल्याने भरलं की पाणी सोडावंच लागतं, आणि सिंहगड रस्ता लगेच खाली आहे. आपल्या इमारतीच्या पायरीला पाणी लागलं तेव्हाचा आकडा जिन्यात लिहून ठेवा. पुढच्या वेळी विसर्ग त्याच्या निम्म्यावर गेला की गाड्या हलवा. ओढ्याकाठी मात्र या आकड्यावर विसंबू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला तो कात्रजकडच्या मुसळधार पावसाने.

प्रश्न : पुरानंतर आमचा सात वर्षांचा मुलगा पाऊस सुरू झाला की रडतो. काय करावं?

उत्तर : 'घाबरू नकोस' म्हणून त्याचं समाधान होणार नाही. त्याला काम द्या. बॅटरी कुठे आहे, आपण कोणत्या मजल्यावर जायचं, हे त्यानेच दाखवायचं. झोप-जेवणाच्या वेळा पूर्ववत ठेवा. महिनाभरात फरक पडला नाही, किंवा तो पुन्हा अंथरूण ओलं करू लागला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, मराठीत बोलता येतं.