हॉटेलचा विमा: बँकेपुरता उतरवायचा की धंद्यापुरता?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात प्रकरण असं, की २४ खोल्यांचं हॉटेल, खाली रेस्टॉरंट, तुम्ही आणि भाऊ मिळून चालवता, इमारत स्वतःची पण कर्ज अजून चालू, आणि बँकेने आता विम्याचे कागद मागितलेत. एजंटने दोन कोटेशनं दिली. पहिलं फक्त इमारतीचं आणि तेही शिल्लक कर्जाएवढंच, दुसरं सगळं एकत्र असलेलं पॅकेज, प्रीमियम पहिल्याच्या तिप्पट. भाऊ म्हणतो पहिलं घेऊ, फरकाचे पैसे दरवर्षी एफडीत टाकू, ९ वर्षांत काही झालं नाही तर आता काय होणार. तुम्हाला हे पटत नाहीये पण का पटत नाहीये ते त्याला समजावता येत नाहीये.

आधी भावाच्या बाजूने बोलतो. विम्यावर उगाच पैसे घालवू नयेत हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे, आणि पॅकेजमध्ये फालतू गोष्टी भरलेल्या असतात हेही खरं, खाली सांगतोच कुठल्या ते. फक्त त्याने एफडीला जे काम दिलंय ते एफडीला झेपणारं नाही.

पहिल्या कोटेशनपासून सुरू करू. बँकेला तिचं कर्ज सुरक्षित करायचंय, तुमचं हॉटेल नाही, त्यामुळे कर्जाएवढी रक्कम तिला पुरते. तुमच्या आकड्यांवरून इमारत आज परत बांधायचा खर्च १०० धरला तर शिल्लक कर्ज ४० च्या आसपास येतं. भावाला वाटतंय की ४० पर्यंतचं कुठलंही नुकसान झालं तर कंपनी पूर्ण देईल. तसं होत नाही हो! बहुतेक पॉलिसींमध्ये अ‍ॅव्हरेज क्लॉज असतो, म्हणजे १०० च्या मालमत्तेचा ४० चा विमा उतरवलात तर उरलेल्या ६० टक्क्यांची विमा कंपनी तुम्ही स्वतःच, आणि नुकसान छोटं असलं तरी हाच हिशोब लागतो. आगीत ३० चं नुकसान झालं तर हातात येणार १२, त्यातून डिडक्टिबल (क्लेममधला तुम्ही स्वतः सोसायचा पहिला भाग) वजा, आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असल्यामुळे त्या १२ वर पहिला हक्क बँकेचा. म्हणजे अर्धवट जळालेली इमारत, बंद पडलेलं हॉटेल, आणि दुरुस्तीचे १८ कुठून आणायचे हा प्रश्न.

त्यामुळे विम्याची रक्कम कर्जावरून ठरवायची नाही, आणि बाजारभावावरूनही नाही, कारण बाजारभावात जमिनीची किंमत धरलेली असते आणि जमीन काही जळत नाही. एखाद्या इंजिनियरकडून परत बांधायचा खर्च लिहून घ्या, मलबा उचलायचा आणि आर्किटेक्टच्या फीचा खर्च वेगळा दाखवायला सांगा. फर्निचर, लिफ्ट, जनरेटर, किचनची मशिनरी, गाद्या-चादरी हे सगळं वेगळं मोजायचं, इमारतीच्या रकमेत ढकलायचं नाही. आणि पॉलिसी रिइन्स्टेटमेंट व्हॅल्यूवर घ्या, म्हणजे नवं बांधायला लागतो तेवढा खर्च मिळतो, नाहीतर घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापून देतात आणि जुन्या इमारतीचा घसारा बघितला की डोळे पांढरे होतात. मुख्य अट अशी, की प्रत्यक्षात बांधकाम करावं लागतं, पैसे घेऊन गप्प बसलात तर परत घसाऱ्याचाच हिशोब.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे एवढं लांबलचक लिहितोय. हॉटेलवाल्याचं दिवाळं बहुतेक वेळा जळालेल्या भिंतींमुळे निघत नाही, ते निघतं बंद पडलेल्या महिन्यांमुळे नाहीतर दुसऱ्याने ठोकलेल्या दाव्यामुळे. आणि भावाने पहिलं कोटेशन निवडून नेमक्या याच दोन गोष्टी सोडल्यात.

बंद पडलेल्या महिन्यांचं बघा. तुम्ही लिहिलंय की दोन प्रीमियममधला फरक साधारण चार दिवसांच्या विक्रीएवढा आहे. म्हणजे भावाच्या प्लॅननुसार वर्षाला चार दिवसांची विक्री एफडीत जाणार, १० वर्षांत ४०, व्याज धरून पन्नास-पंचावन्न दिवसांची विक्री जमली समजा. आता किचनमध्ये आग लागली आणि हॉटेल ८ महिने बंद राहिलं, म्हणजे २४० दिवस. बंद असताना भाजीपाला लागत नाही, लाँड्री नाही, बुकिंग साइटचं कमिशन नाही, हे मान्य, पण कर्जाचा हप्ता, कायम लोकांचे पगार, कर, किमान वीजबिल हे थांबत नाही आणि तुमचा घरखर्चही थांबत नाही. १०० च्या विक्रीत हे सगळं नफ्यासकट ५५ धरलं तरी २४० दिवसांचे १३२ दिवसांच्या विक्रीएवढे पैसे लागतात. दहा वर्षं एफडी न मोडता सांभाळली तरी निम्मेसुद्धा होत नाहीत. आणि आग दहा वर्षं थांबेल असं कुणी सांगितलंय, दुसऱ्याच वर्षी लागली तर खात्यात आठ दिवसांची विक्री!

बिझनेस इंटरप्शन नावाचं कव्हर नेमकं हेच भरून देतं, बुडालेला नफा आणि चालूच राहणारे खर्च. यात इन्डेम्निटी पिरियड, म्हणजे कंपनी किती महिन्यांपर्यंतची भरपाई देणार, तो किती ते बघायचं. तुमच्या पॅकेजमध्ये ६ महिने लिहिलंय, ते अजिबात चालणार नाही. हा काळ नुकसानीच्या दिवसापासून मोजतात. नुकसान मोजणारा सर्व्हेअर येऊन जाणार, कागदपत्रं फिरणार, परवानग्या, मग बांधकाम, मग रंगरंगोटी, आणि दार उघडलं म्हणून पहिल्या दिवशी हॉटेल भरत नाही, मधल्या काळात तुमचं नेहमीचं गिऱ्हाईक दुसरीकडे जायला लागलेलं असतं. चांगल्या पॉलिसीत विक्री पूर्वीच्या पातळीला येईपर्यंतचा काळ मोजतात, पण तोही इन्डेम्निटी पिरियडच्या आतच. माझ्या एका क्लायंटने माझं न ऐकता ६ महिने घेतले होते, ड्रायरमधून आग लागली, आणि त्यांचं हॉटेल आठव्या महिन्यात उघडलं, तेही सीझन संपल्यावर. तुम्ही कमीत कमी १२ महिने घ्या, परवडलं तर १८. नफ्याची रक्कमही खरी सांगा, तिथेही कमी दाखवलीत तर अ‍ॅव्हरेज लागू शकतो, आणि सीए-कडून आकडा काढून घेतलात तर उत्तम.

एक मात्र नीट समजून घ्या, हे कव्हर साधारणपणे मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तरच चालू होतं. कोविडमध्ये जगभर हॉटेलवाले इथेच अडकले, हॉटेल बंद आहे पण भिंत शाबूत आहे, मग क्लेम कसला. ब्रिटनमध्ये हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जानेवारी २०२१ मध्ये बऱ्याच पॉलिसीधारकांच्या बाजूने निकाल लागला, पण तो लागला कारण त्यांच्या पॉलिसीत साथीच्या रोगाचा किंवा जागेवर जाता न येण्याचा जादा क्लॉज होता आणि त्याचा शब्द न् शब्द कोर्टाने तपासला. ज्यांच्याकडे क्लॉजच नव्हता त्यांना त्या निकालाचा काय उपयोग. म्हणून प्रीमियम भरायच्या आधी पूर्ण पॉलिसी वर्डिंग मागा, रंगीत माहितीपत्रकावर सही करायची नाही.

आता दुसऱ्याच्या दाव्याचं. इमारतीच्या नुकसानीला निदान वरची मर्यादा असते, इमारतीच्या किमतीपेक्षा जास्त ती काही जळणार नाही. लायबिलिटीला, म्हणजे दुसऱ्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईला, अशी मर्यादाच नाही. २१ नोव्हेंबर १९८० ला लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली, सुरुवात खालच्या एका रेस्टॉरंटमधल्या विजेच्या बिघाडातून, आणि ८५ लोक गेले. त्यातले बहुतेक ज्वाळांनी नाही तर वरच्या मजल्यांवर चढलेल्या धुराने गेले. तुमचं हॉटेल तेवढं मोठं नाही, पण खाली किचन आणि वर झोपलेली माणसं ही रचना तुमचीही तीच आहे. बरं आग सोडा, ओल्या लॉबीत घसरून कुणाचं खुब्याचं हाड मोडलं, एखाद्या समारंभात ऐंशी जणांना विषबाधा झाली, तर त्या दाव्याचा आकडा एफडी बघून ठरत नाही.

पब्लिक लायबिलिटी घेताना तीन ठिकाणी बोट ठेवून एजंटला विचारा. अन्नातून झालेला त्रास यात आहे का, कारण काही पॉलिसींमध्ये तो वेगळा घ्यावा लागतो. पाहुण्यांचं सामान आणि पार्किंगला तुमच्या माणसाने लावलेली गाडी यात आहे का, कारण जी वस्तू तुमच्या ताब्यात आहे तिचं नुकसान साध्या लायबिलिटीतून बहुतेक वेळा वगळलेलं असतं. आणि वकिलाचा खर्च मर्यादेच्या आतला की वरचा. तुमचे स्वतःचे कर्मचारी यात येत नाहीत, किचनमध्ये कुणाचा हात भाजला तर त्यासाठी कर्मचाऱ्यांचं कव्हर वेगळं, ते टाळायचं नाही.

मग पॅकेजमधलं काय काढायचं? काचा आणि बाहेरचा निऑन बोर्ड काढून टाका. खोल्यांतले टीव्ही वगैरे किरकोळ इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं कव्हर काढा, आगीचा भाग सामानाच्या विम्यात येतोच. बहुतेक पेमेंट ऑनलाइन येतं म्हणालात, तर वाहतुकीतल्या रोकडीचं कव्हर नावापुरतं ठेवा. बुकिंगचा डेटा चोरीला जाण्याचं कव्हर आजकाल सगळे गळ्यात मारतात, वाईट नाही, पण तुमच्या साइजला ते पुढच्या वर्षी बघू. आणि मुख्य म्हणजे डिडक्टिबल वाढवून कोटेशन परत मागा, म्हणजे प्रत्येक क्लेममधला पहिला काही भाग तुम्ही स्वतः सोसणार, त्याने प्रीमियम खाली येतो. छोटे क्लेम तसेही करू नयेत, फुटलेल्या गीझरसाठी फॉर्म भरत बसण्यात दिवस जातो आणि रिन्यूअलला क्लेमचा इतिहास दिसतो.

इथे भावाची एफडी कामाला येते. डिडक्टिबलएवढी रक्कम एफडीत ठेवा, फार तर त्याच्या दुप्पट. छोटं नुकसान एफडीतून, मोठं कंपनीकडून.

अजून एक, प्रपोजल फॉर्म, म्हणजे विम्याचा अर्ज, एजंटला भरू देऊ नका. मराठीत आपण राहायच्या जागेलाही हॉटेल म्हणतो आणि नुसत्या जेवायच्या जागेलाही, त्यामुळे व्यवसायाच्या रकान्यात नुसतं हॉटेल लिहिलेले फॉर्म मी पाहिलेत ज्यात खालच्या किचनचा उल्लेखच नव्हता, आणि आग बहुतेकदा किचनमधूनच लागते. राहण्याची सोय, रेस्टॉरंट, फ्रायर आहे का, गॅस कुठे ठेवता, समारंभाला जागा देता का, सगळं लिहा. लपवलेली एक गोष्ट पूर्ण क्लेम खाऊ शकते. पॉलिसीतल्या वॉरंटी, म्हणजे तुम्ही पाळायच्याच अटी, वाचा, एक्झॉस्टची डक्ट ठरलेल्या मुदतीत साफ करायची अट असेल तर साफ करा आणि पावती जपून ठेवा, नुसती साफ करून उपयोग नाही. ऑफ सीझनला महिनाभर हॉटेल बंद ठेवता म्हणालात ना, जागा सलग ठराविक दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली तर कव्हर आखडतं असा क्लॉज बऱ्याच ठिकाणी असतो, तो शोधा आणि बंद करायच्या आधी कंपनीला मेल टाका. वेल्डिंग, नूतनीकरण, मजला वाढवणं, यालाही तेच.

तर मी दुसरं कोटेशन घेईन, पण जसंच्या तसं नाही. वर सांगितलेलं काढून, डिडक्टिबल वाढवून, इन्डेम्निटी पिरियड १२ किंवा १८ करून परत आकडा मागवा, आणि तेच एखाद्या ब्रोकरलाही द्या कारण तो चार कंपन्यांचे आकडे आणू शकतो. माझ्या अंदाजाने प्रीमियम तिप्पट राहणार नाही, पण दुपटीच्या खालीही येणार नाही. तोवर बँकेची मुदत संपत असेल तर इमारतीचा विमा लगेच उतरवा, पूर्ण रकमेचा, बाकीचं आठ-पंधरा दिवसांत जोडता येईल. आणि या रविवारी मोबाइल घेऊन प्रत्येक खोलीचा, किचनचा, स्टोअररूमचा व्हिडिओ काढा, मशिनरीची बिलं स्कॅन करा, आणि ते सगळं हॉटेलच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, तो पण त्याच इमारतीत आहे.