गिब्सन कंपनीच्या ईबी-0 आणि थंडरबर्ड या बेस गिटारी विकल्यावर अनेक वादकांना हायसे का वाटते?

याचे मुख्य कारण तोल हे आहे, कारण उभे राहून वाजवताना या गिटारींची मान स्वतःच्या वजनाने जमिनीकडे झुकते आणि सूर दाबणाऱ्या डाव्या हातालाच ती सतत सावरून धरावी लागते. खांद्यावरचा पट्टा अडकवायचे पुढचे बटण मानेवरच्या बाराव्या फ्रेटच्या (सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) जवळपास आले, तर गिटार सहसा आडवी स्थिर राहते. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन या बेसचे लांब शिंग, म्हणजे अंगाचे मानेच्या बाजूने पुढे आलेले टोक, नेमके हेच काम करते. गिब्सनच्याच एसजी या गिटारीच्या आकाराच्या ईबी-0 वर मात्र हे बटण मानेच्या जोडापाशी, मागच्या बाजूला असते आणि महोगनीचे पातळ, हलके अंग मानेला तोलून धरू शकत नाही. 1963 मध्ये आलेल्या थंडरबर्डची मान 34 इंची स्केलची (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) म्हणजे लांब, तर वरचे शिंग आखूड आहे. ईबी-0 बद्दल दुसरी रास्त तक्रार आवाजाची आहे: तिचा एकुलता एक मोठा पिकअप (तारांची कंपने टिपणारा भाग) मानेला अगदी लागून असल्यामुळे खालचे सूर बँडमध्ये एकमेकांत मिसळून जातात. तरीही विकण्याची घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. आतून खरबरीत असलेला रुंद चामडी पट्टा आणि हलक्या खुंट्या लावल्यास झुकणे बरेच कमी होते, बसून वाजवणाऱ्याला तर ते फारसे जाणवतही नाही; शिवाय क्रीम या रॉक बँडमध्ये बेसवादक जॅक ब्रूस यांनी याच कुळातली, पण ब्रिजजवळ (अंगावर तारा टेकतात त्या भागाजवळ) दुसरा पिकअप असलेली ईबी-3 वाजवली होती.