बग्गीचा रोल केज घरी वेल्डिंग करून बनवायचा असेल तर पाइप किती जाड घ्यावा?

तुम्ही विचारलंय की वेल्डिंग थोडंफार येतं, बग्गीचा, म्हणजे कच्च्या रस्त्यावर पळवायच्या छोट्या उघड्या मोटारगाडीचा, रोल केज (गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) घरीच बांधायचाय, तर पाइप 5 मि.मी. जाडीचा घेतला की आराखड्यातली कमीजास्त चूक खपून जाईल का. नाही खपणार. मी घरी दोन केज बांधलेत आणि पहिल्याच्या वेळी माझीही हीच समजूत होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चार काड्या टोकांना दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि एक कोपरा दाबा. चौकोन लगेच तिरका होतो. आता कर्णावर एक काडी बांधा, तो जागचा हलत नाही. केजचं निम्मं काम इथेच आहे. नळी लांबीच्या दिशेने आलेला ताण आणि दाब भरपूर सोसते, पण मधोमध आडवा मार बसला की वाकते. म्हणून तिरपा आधार कमानीच्या (डोक्यावरून जाणाऱ्या वाकवलेल्या नळीच्या) मध्यावर कुठेतरी नेऊन चिकटवू नका. दोन नळ्या जिथे आधीच मिळतात, तिसरीची मध्यरेषा त्याच बिंदूत आणा. मी आधी जाड तारेचं छोटं मॉडेल करतो. हातात धरून पिळलं की कुठला चौकोन कर्णाशिवाय राहिलाय ते बोटांना कळतं.

जाडीपेक्षा व्यास जास्त कामाला येतो. 32 मि.मी. व्यासाची 3 मि.मी. जाड नळी आणि 38 मि.मी. व्यासाची 2.5 मि.मी. जाड नळी यांच्या वजनात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडतो, पण वाकण्याला दुसरी साधारण दीडपट जास्त विरोध करते. तुम्ही म्हणता तो 5 मि.मी.चा पाइप नुसतं वजन वाढवेल, आणि तेही वरच्या बाजूला, म्हणजे गाडी उलटायला मदतच. एफआयए या मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मुख्य कमानीला, म्हणजे सीटमागच्या कमानीला, 45×2.5 किंवा 50×2 मि.मी.ची (व्यास×जाडी) कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे थंड अवस्थेत ओढून बनवलेली बिनजोडाची, नळी लागते, बाकीच्या बहुतेक भागांना 38×2.5 किंवा 40×2. अंदाजासाठी हे आकडे चांगले आहेत. स्पर्धेत उतरायचं असेल तर मात्र त्या स्पर्धेची नियमावली वाचल्याशिवाय एकही नळी कापू नका.

बेंडिंग बाहेरून करून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. नळकामाच्या बेंडरचे डाय (नळी ज्यात बसवून वाकवतात ते साचे) पाण्याच्या पाइपच्या मापाचे असतात. केजची नळी त्यात नीट बसत नाही आणि वळणावर चपटी होते. वळणाची त्रिज्या, मध्यरेषेवर मोजून, व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायला सांगा. काम हातात आल्यावर व्हर्नियर (व्यास अचूक मोजायचं साधन) लावा: वळणावरचा सर्वांत कमी व्यास सर्वांत जास्त व्यासाच्या 0.9 पटीपेक्षा कमी भरला तर ती नळी बाजूला ठेवा.

खरा वेळ जातो तो टोकांच्या फिशमाउथ कापात, म्हणजे एक नळी दुसरीच्या गोलाईवर नेमकी बसावी म्हणून टोकाला द्यायच्या खोलगट कापात. कागदाचा साचा नळीभोवती गुंडाळून खूण करा, ग्राइंडरने कापा, मग अर्धगोल कानशीने घासत राहा. एक मि.मी.पेक्षा जास्त फट राहिली की नवशिका ती धातूने भरून काढायला जातो, नळी भोक पडेपर्यंत तापते आणि सांधा वरून भरदार पण आतून कच्चा राहतो. माझ्या पहिल्या केजचे निम्मे सांधे असेच होते. मी ते कापून काढले.

वेल्डिंगला हात घालण्यापूर्वी त्याच नळीच्या तुकड्यांचे दहा-बारा टी सांधे (एका नळीवर दुसरी T अक्षरासारखी आडवी जोडून) करा. काही मधोमध कापून धातू मुळापर्यंत वितळलाय का बघा. बाकीचे शिकंज्यात धरून घणाने वाकवा. वेल्ड उकललं तर तुम्ही अजून तयार नाही. वेल्ड शाबूत राहून नळी फाटली तर पुढे जा. प्रत्यक्ष केजवर आधी सगळीकडे फक्त टाके (जागा धरून ठेवणारे छोटे वेल्ड) मारा, कर्ण मोजा, मग डावी-उजवी बाजू आलटून पालटून थोडं थोडं भरा. मी मागचा एक सांधा एका दमात पूर्ण केला होता. थंड झाल्यावर कमानीचं दुसरं टोक 9 मि.मी. सरकलेलं निघालं. आणि वेल्ड घासून गुळगुळीत करू नका, तुम्ही भरलेली ताकदच निघून जाते.

जस्ताचा मुलामा असलेली नळी घेऊ नका, त्याच्या धुराने थंडीताप भरतो. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर तर कधीच वेल्डिंग करू नका; उष्णतेने त्याचा फॉसजीन हा विषारी वायू होतो.

कमानीची उंची सीटवर बसून, पट्टा आवळून आणि हेल्मेट घालूनच ठरवा. बाहा एसएई या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या बग्गींच्या स्पर्धेत हेल्मेट आणि केज यांच्यात 152 मि.मी. मोकळी जागा मागतात. तुम्हीही तेवढी सोडा, डोक्याजवळच्या नळ्यांना कडक पॅडिंग लावा, आणि बिनहेल्मेटचं या बग्गीत कोणालाही बसू देऊ नका. उघडं डोकं त्या नळीवर आपटलं तर केज नसलेली गाडी बरी म्हणायची वेळ येते.