ब्लॅक होलनं पोट भरते काय?

"मॅडम, पोरगी हुशार आहे. पण शुद्ध विज्ञानात जायचं म्हणते. पुढं काय?" नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या करिअर-समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

यंदा गणपतीच्या सुमारास बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी आणि तिचे वडील आले. तिला कृष्णविवरं, म्हणजे ब्लॅक होल, आणि गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे तरंग, यांवर सैद्धांतिक संशोधन करायचं होतं. "ब्लॅक होलनं पोट भरते काय?" हा वडिलांचा पहिला प्रश्न. मी आकडे दिले: नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पीएचडीला महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं भत्ता. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेसाठी केंद्रानं २०२३ साली २,६०० कोटी मंजूर केलेत. ते गप्प झाले, पण चेहऱ्यावरची काळजी तशीच. भीती आकड्यांनी जात नाही. तिच्यामागचा विचार शोधावा लागतो.

तिसऱ्या भेटीत मी मुलीला म्हटलं, "बाबांना पटवू नकोस. तुला यात काय आवडतं, तेवढंच सांग."

"बाबा, भांडं पडलं की आई न बघता ओळखते नं, पातेलं की ताट? धक्का बसला की ब्लॅक होलही तसंच आपल्या सुरात वाजतं. तो सूर गुरुत्वीय लहरींतून बाहेर येतो. सी. व्ही. विश्वेश्वरा या आपल्या शास्त्रज्ञानं ते १९७० साली गणितातून दाखवलं. अशी पहिली लहर प्रत्यक्ष पकडली २०१५ ला."

"म्हणजे पंचेचाळीस वर्षं वाट पाहिली त्या माणसानं?"

"वाट नाही पाहिली बाबा. काम करत होते."

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मीही ती शांतता मोडली नाही. अशा वेळी न बोलणं मला फार वर्षांनी जमलंय. मग हळूच म्हणाले, "मी प्रमोशनसाठी बारा वर्षं नुसता थांबलो. पोरीचंही तसंच होईल असं वाटे."

काळजी पगाराची नव्हतीच. स्वतःचं थांबणं ते तिच्या आयुष्यात बघत होते. पालकांनो, आधी हे तपासा: ही भीती मुलाची की तुमची?

मुलांनाही खरं सांगते. पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांच्या फेलोशिप, बहुधा परदेशात. कायमची नोकरी कित्येकांना पस्तिशीच्या आसपास. म्हणून संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग पक्कं करा. गोंगाटातून लहर वेगळी काढायला ते लागतंच, आणि वाट बदलावी लागली तरी त्यावर काम मिळतं.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा फॉर्म दोघांनी मिळून भरला. फीचे पैसे वडिलांनी दिले.