गोव्यात राहून, हॉटेलची ड्युटी सांभाळून आयुर्वेदिक दिनचर्या पाळता येते का?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही म्हापशाला राहतो. मिस्टर कळंगुटला हॉटेलात, दुपारी तीन ते रात्री बारा ड्युटी. व्हिडिओ बघून दोघांनी आयुर्वेदिक दिनचर्या सुरू करायची ठरवली आहे. साडेचारला उठायचं, तांब्याच्या भांड्यातलं लिटरभर पाणी, तिळाच्या तेलाचं मालिश, व्यायाम. जमेल का? मासे आणि दुपारची झोप सोडावी लागेल का? मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे."

जमेल, पण सगळं एकदम नको, आणि दोघांना एकच वेळापत्रक तर नकोच. मी डिचोलीत वैद्यकी करते. ही यादी कोणी ना कोणी मला मोबाईलवर दाखवत असतंच. त्यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत, वाग्भट या जुन्या वैद्याच्या अष्टांगहृदय ग्रंथात, सूत्रस्थान या पहिल्या भागाच्या दुसऱ्या अध्यायात सापडतात. पण वाग्भट नियम सांगतो आणि तो कोणी पाळू नये, कधी पाळू नये हेही सांगतो. व्हिडिओवाले नेमकं तेवढंच गाळतात, आणि तुमच्या घराला गरज आहे ती त्याचीच.

आधी पहाट. ब्राह्म मुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या. म्हणजे हा मुहूर्त पावसाच्या तोंडावर साडेचारच्या आसपास लागतो आणि थंडीत साडेपाचच्या. बारा महिने साडेचारचा गजर लावा असं कुठल्याच ग्रंथात नाही. शिवाय अष्टांगसंग्रह या दुसऱ्या ग्रंथात याच नियमाला 'जीर्णाजीर्णं निरूपयन्' अशी अट जोडलेली आहे: रात्रीचं अन्न पचलंय की नाही ते बघून उठावं. तुमचे मिस्टर एकला घरी येणार, हातपाय धुऊन जेवणार, दोनला आडवे होणार. साडेचारला त्यांच्या पोटात भात तसाच असेल. त्यांना मुळीच उठवू नका. तुम्ही दहाला झोपत असाल आणि सकाळी पोट हलकं वाटत असेल तर खुशाल उठा.

रात्रपाळीवाल्यांसाठी ग्रंथात वेगळी सोय आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. सवय नसताना रात्री जितका वेळ जागरण झालं, त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपून भरून काढावा. 'न खाता' हे महत्त्वाचं. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, हाक आली म्हणून उठून गरम उंडो (गोल पाव) आणि चहा पोटात टाकायचा आणि परत झोपायचं, हे हॉटेलात काम करणाऱ्यांच्या घरोघरी चालतं. ॲसिडिटीच्या माझ्या निम्म्या रुग्णांची गोष्ट इथूनच सुरू होते. मिस्टरांनी सलग नऊपर्यंत झोपावं, खोलीला जाड पडदा लावावा, आणि सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ फार हलवू नये. रात्रीचं मुख्य जेवण ड्युटीवर सात-आठच्या दरम्यान मिळालं तर उत्तम. हॉटेलात स्टाफचं जेवण असतंच, ते टाळून घरी येऊन ताट भरून जेवण्यात प्रेम आहे, पचन नाही. घरी आल्यावर भूक असेल तर पेज द्या, उकड्या तांदळाची, पातळ. झोपायच्या आधी एवढंच पुरे.

पेजेचा विषय निघालाच आहे तर सांगते, आपल्या आज्या सकाळी दहा-अकराला पेज घेत. ती पद्धत मोडून आपण ब्रेड-बटर आणलं आणि आता आयुर्वेद शिकायला व्हिडिओ बघतो. आधीचं पचल्यावर, हितकारक आणि बेताचं खावं, हे वाग्भटाचं एक वाक्य पाळलंत तरी निम्मी दिनचर्या झाली. त्याच श्लोकात पुढे म्हटलंय की शौचाचा वेग ओढूनताणून आणू नये आणि आलेला अडवू नये. अडवू नयेत असे १३ वेग पुढे चौथ्या अध्यायात सांगितले आहेत, त्यात तहान, झोप आणि लघवीही येते. सर्व्हिस चालू असताना तास-तास लघवी धरून ठेवणारे वेटर माझ्याकडे नेहमी येतात. मिस्टरांचं तसं होतं का ते विचारा. तेलाच्या मालिशापेक्षा मला त्याची काळजी जास्त.

लिटरभर पाण्याचं म्हणाल तर वाग्भटाच्या या अध्यायात ते नाही. उलट शरद आणि ग्रीष्म सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं असं तो म्हणतो. मे महिन्यात घाम गळत असताना अर्थातच भरपूर प्या. पण जुलैत, बाहेर धो धो पाऊस आणि भूक मेलेली असताना, उपाशीपोटी तांब्या रिकामा करायची काही गरज नाही. अर्धा पेला कोमट पाणी ठीक आहे. तांब्याच्या भांड्यात लिंबू किंवा सोलाचं आगळ (कोकमाचा रस) घालून मात्र ठेवू नका, आंबट पदार्थात तांबं उतरतं.

आता तेल. अभ्यंग, म्हणजे तेलाचं मालिश, रोज करावा हे खरं, त्याने म्हातारपण, थकवा आणि वात हटतो असं म्हटलंय. पण अंगात कफ भरलेला असताना आणि अपचन असताना करू नये, हेही तिथेच लिहिलंय. पावसाळ्यात आपल्याकडे अर्ध्या घराला सर्दी असते. त्या दिवसांत तेलाची बाटली कपाटात ठेवा. एरवीही सगळ्या अंगाला वेळ नसेल तर डोकं, कान आणि तळपाय एवढ्यांनाच लावा, ग्रंथाचाही भर तिथेच आहे. तीळतेल कोमट करायचं तर गॅसवर ठेवू नका; स्टीलची वाटी गरम पाण्याच्या तांब्यात पाच मिनिटं बुडवून ठेवली की बस्स. खोबरेल थंड, म्हणून मार्च ते मे ते चालतं. दिवाळीत नरकासुर जाळून आल्यावर आपण तेल-उटणं लावून कारीट फोडतो, तेव्हा पद्धत सगळ्यांना येते. मग बाकी वर्षभर ती अवघड का वाटते कोण जाणे. अंगावरचं तेल काढायला कुळथाचं पीठ छान, साबणाने कातडी कोरडी पडते. न्हाणीघराच्या फरशीवर मात्र जपून. तेल लावून घसरून मनगट मोडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

ड्युटीवर उभं राहून मिस्टरांचे पाय भरून येत असतील तर झोपताना काशाच्या वाटीने तळवे घासून द्या, तूप किंवा तेल लावून. वाटी काळी पडली की लोक म्हणतात, बघा कशी उष्णता निघाली. तो काळा रंग धातू घासला गेल्याचा असतो. पण झोप चांगली लागते.

व्यायाम 'अर्ध्या ताकदीने', आणि तोही प्रामुख्याने थंडीत आणि वसंतात. अर्धी ताकद ओळखायची खूण सुश्रुताने दिली आहे: श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबायचं. घामाची खूणही सांगितली जाते, पण ती आपल्याकडे निरुपयोगी. मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात नुसतं उभं राहिलं तरी कपाळावरून घाम ओघळतो.

मासे सोडायची गरज नाही. दूध आणि मासे एकत्र खाऊ नयेत असं आहे, ते गाई-म्हशीच्या दुधाबद्दल. हुमणातला (माशांच्या आमटीतला) नारळाचा रस किंवा जेवणानंतरची सोलकढी त्यात येत नाही, हा प्रश्न मला फार लोक विचारतात. मात्र मासे कफ वाढवतात असं ग्रंथ म्हणतात, म्हणून तळलेला बांगडा दुपारी खा, रात्री नको. दही रात्री पूर्ण बंद. जून-जुलैत ट्रॉलर किनाऱ्याला लागतात आणि पुढे श्रावण येतो, तेव्हा पोटाला तशीही विश्रांती मिळते. पाऊस-वारा सुटलेल्या गारठ्याच्या दिवशी आंबट, खारट आणि स्निग्ध जेवावं असं चरक सांगतो. मिठातली तोरां (कोवळ्या कैऱ्या) आणि तूपभात तुम्ही घ्या, वावगं नाही; मिस्टरांना बीपी आहे, त्यांनी मीठ बेतानेच.

दुपारची झोप हा गोव्यात नाजूक विषय. दीड वाजता अर्धं म्हापसं शटर ओढतं. ग्रंथात दिवसा झोपायची मुभा ग्रीष्मात आहे, कारण तेव्हा रात्र लहान असते. शिवाय म्हातारे, मुलं, अशक्त माणसं आणि प्रवासाने दमलेले यांनाही आहे. एरवी कफ-पित्त वाढतं. पण बसल्या बसल्या डुलकी काढली तर ती बाधत नाही असंही तिथेच म्हटलंय. तेव्हा जेवण झाल्यावर पलंगावर पंखा लावून पसरू नका, बाल्कांवात आरामखुर्ची टाका.

पहिला महिनाभर फक्त जेवणाच्या आणि झोपायच्या वेळा धरा, तेल-व्यायाम नंतर. प्रकृती तपासून हवी असेल तर धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान आहे, शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे. पेडणे किंवा फोंडा तालुका तुम्हाला काही लांब नाही. भस्मं आणि चूर्णं ऑनलाइन मागवू नका. आणि बीपीची गोळी दिनचर्या सुरू केली म्हणून बंद करायची नाही. घरी रोज ठरल्या वेळी बीपी मोजून वहीत लिहा, आकडे उतरलेले दिसले तर ती वही गोळी देणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा की नाही ते तेच ठरवतील.