ब्लॅकजॅकची टूर्नामेंट कशी असते? नवशिक्याने कोणती स्ट्रॅटेजी पाठ करावी?

ब्लॅकजॅकमध्ये २१ च्या वर न जाता आपल्या पत्त्यांची बेरीज डीलरपेक्षा, म्हणजे कॅसिनोकडून पत्ते वाटणाऱ्यापेक्षा, जास्त करायची असते. आपले पत्ते आणि डीलरचा उघडा पत्ता बघून काय करायचं ते सांगणारा बेसिक स्ट्रॅटेजीचा तक्ता जरूर पाठ करा, पण तोच शेवटपर्यंत धरून बसाल तर माझ्यासारखं हसं होईल.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोत छोटी टूर्नामेंट होती. सगळ्यांना सारख्या १००० चिप्स, २० डाव, आणि टेबलावरचा पहिला एकटाच पुढच्या फेरीत. या चिप्सचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या नंबरवर ९०० उरल्या काय आणि शून्य काय, सारखंच. मेहुण्याने तक्ता हातात दिला आणि बजावलं, "भाऊजी, याच्या बाहेर जायचं नाही. पुढे असलात की कमीत कमी लावायचे."

शेवटच्या डावाला माझे ११५०, शेजारच्या आजीबाईंचे १०००, बाकीचे केव्हाच बाद. आधी बेट कोणी लावायची ती पाळी फिरत असते. त्या डावाला आजी आधी, मी शेवटी. याहून चांगली जागा नाही! आजींनी १९० लावले. मीही १९० लावायला हवे होते. डीलर सगळ्यांचा एकच, म्हणून बरेचदा दोघं एकदम जिंकतात नाहीतर एकदम हरतात, आणि आघाडी टिकते. मी लावले २५.

डीलरची छक्की उघडी. आजी १३ वर थांबल्या. मला दोन राजे. राजा म्हणजे दहा. तक्ता म्हणतो, दहाची जोडी कधीही स्प्लिट करायची नाही, म्हणजे फोडून, तेवढीच बेट पुन्हा लावून दोन वेगळे हात खेळायचे नाहीत. मी गुणी बाळासारखा थांबलो. डीलर बस्ट, म्हणजे २१ च्या वर गेला. आजी ११९०, मी ११७५.

परतीच्या वाटेवर गाडीत हिशोब केला. राजे स्प्लिट करून दोन्हींवर थांबलो असतो तर माझे १२०० झाले असते. डीलर बस्ट नसता झाला तर आजी ८१० वर आल्या असत्या आणि मी वाईटात वाईट ११०० वर. म्हणजे कसंही झालं तरी मीच जिंकत होतो!

मेहुणा अजून म्हणतो, "भाऊजी, तुम्ही बरोबरच खेळलात, नशीब नव्हतं." नशिबाचा काय संबंध? १९५६ साली अमेरिकी लष्करातल्या चौघांनी आकडेमोड करून ही स्ट्रॅटेजी मांडली, ती हजारो डावांत कॅसिनोकडून कमीत कमी हरण्यासाठी. नियम बरे असतील तर कॅसिनोचा फायदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. टूर्नामेंटमध्ये हरवायचं असतं शेजाऱ्याला.

तर पहिले १५ डाव तक्त्याप्रमाणे खेळा. एक्के आणि अठ्ठ्या स्प्लिट, ११ वर डबल (बेट दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा), इन्शुरन्सच्या (डीलरचा एक्का उघडा असताना त्याला ब्लॅकजॅक लागेल यावरच्या जादा बेटेच्या) वाटेला जायचं नाही. नंतर शेजाऱ्यांच्या चिप्स मोजायला लागा. मागे असाल आणि बेट नंतर लावायची असेल, तर पुढच्याच्या उलट करा. तो थोडे लावतोय तर तुम्ही जास्त, तो जास्त तर तुम्ही थोडे.

नियम मात्र सगळीकडे सारखे नसतात. कुठे ठरावीक डावांनंतर सर्वांत कमी चिप्सवाला बाद होतो, कुठे एखादी बेट झाकून लावता येते. बसण्याआधी विचारून घ्या. प्रवेश फी गेली असं समजूनच भरा. माझी त्या दिवशीची फी मेहुण्याने भरली होती, हेही सांगायला हवं.